दुसरा नमुना

हाम गुरुजींनी सिगारेट सोडली त्याला दोन वर्षं झाली होती. त्यातलं पहिलं दीड वर्ष त्यांनी फार हालात काढलं. सुक्या माकूल माशाच्या पट्ट्या चघळत बसायचे, हात सवयीनं कोटाच्या खिशात जायचा आणि रिकामाच बाहेर यायचा, शेजारच्या टेबलावर कुणी काडी ओढली की बोलता बोलता त्यांचं वाक्य तुटायचं. पण गेल्या हिवाळ्यापासून ती तलफ अशी गेली, की जणू दुसऱ्याच कुणाची होती. याचं सगळं श्रेय ते ओगिमच्या कॉफीला देत, आणि तेही चारचौघांत.

“चाळीस वर्षांचं व्यसन,” कप दोन्ही हातांत धरून ते सांगत. “डॉक्टर हरले, बायको हरली. या मॅडमनी सोडवलं. हिवाळ्यापासून यांच्या कॉफीला काय जोर आलाय. सकाळी दोन कप पोटात गेले की डोकं कसं जागेवर येतं.”

“तुमचं डोकं जागेवर होतं कधी, गुरुजी?” कोपऱ्यातून जाळीवाला म्हणायचा.

“तुला एकाच वर्गात दोनदा बसवलं तेव्हा होतं की.”

लोक हसत, आणि ओगिम फडक्यानं आधीच पुसलेलं टेबल पुन्हा पुसत राही. नवऱ्याच्या मागे बारा वर्षं ती हे ‘कुरव कॉफीघर’ चालवत होती. बंदराच्या धक्क्यासमोर, दोरखंडाच्या दुकानाच्या वर, लाकडी जिना चढून गेलं की खिडकीशी बोटी दिसत. येणारी माणसं खलाशी, बोटींचे दलाल, बेटांवर जाणाऱ्या लाँचची वाट बघणारे प्रवासी, आणि गुरुजींसारखे निवृत्त लोक. कॉफीची किंमत सगळेच देत. आभार मानणारे गुरुजी एकटेच. एवढ्या मोठ्या माणसानं, ज्यांच्या हाताखाली निम्मं बंदर शिकलं, आपल्यामुळे बरं झालो म्हणावं, याचं तिला मनातून फार वाटे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती ते वाक्य आठवून बघे.

सरकारी माणूस आला तो थंडी सरता सरता. परदेशी कॉफीत काहीबाही मिसळून विकतात अशी बोंब त्या वर्षी देशभर झाली होती. रेडिओवर रोज काहीतरी सांगत. तेव्हा शहराच्या आरोग्य खात्यानं बंदरावरच्या एकूण एक कॉफीघराचा नमुना घ्यायचं ठरवलं. मेंग नावाचा अधिकारी होता. तिशीतला, सडपातळ, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. काचेच्या बाटल्यांची पेटी छातीशी धरून तो जिना चढून आला आणि दारातच वाकून नमस्कार करून उभा राहिला.

“जेवलात का, साहेब?” ओगिमनं विचारलं.

“हो, हो. मी नमुना न्यायला आलोय. त्रास देतोय, माफ करा.”

“बसा तर आधी.”

तिनं स्वयंपाकघराच्या पडद्याआड डोकावून छुंजाच्या आईला डोळ्यांनीच खूण केली. छुंजाची आई सहा वर्षं तिच्याकडे कामाला होती. तिला खूण कळली. शेगडीवर मोठं पातेलं सकाळपासून रटरटत होतं. चिमूटभर मीठ, अंड्यांची टरफलं, आणि प्यो व्यापाऱ्यानं पुरवलेली कॉफी. हे रोजचं पातेलं. पण सकाळचं उकळून उकळून काळं झालेलं पाणी पाहुण्यापुढे कसं ठेवायचं? तोही सरकारचा पाहुणा, पहिल्यांदा आलेला. फडताळाच्या वरच्या फळीवर उंची कॉफीचा एक निळा डबा होता. दूरच्या समुद्रावर मासेमारीला जाणाऱ्या एका बोटीच्या इंजिनवाल्यानं तो तिला लास पाल्मासहून आणून दिला होता. मोठ्या सणाला, एखाद्या लग्नाच्या बोलणीला, तेवढाच उघडायचा. छुंजाच्या आईनं तो उघडला, नव्यानं पाणी उकळलं. मेंगसाठी कप आला, त्यात पाहुणचाराच्या रीतीनं अंड्याचा पिवळा बलक आणि वर तिळाच्या तेलाचा थेंब. आणि त्याच ताज्या कॉफीनं ओगिमनं त्याची बाटली भरली, पुसली, आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरली.

मेंगचे हात क्षणभर अडले होते. हे तिला नंतर आठवलं. त्या वेळी तिला वाटलं, बुजरा आहे बिचारा. त्यानंही मग दोन्ही हातांनी बाटली घेतली, लाखेची मोहर लावली आणि वाकून निघून गेला.

फसवावं असं तिच्या मनात काही नव्हतं. प्योची कॉफी वाईट असेल अशी तिला शंकाही नव्हती. परदेशी माल, बंदरात उतरलेला, खोक्यावर शिक्का. तिनं फक्त पाहुण्याला चांगलं ते दिलं.

नऊ दिवसांनी कागद आला. ‘नमुना शुद्ध.’ खाली तांबडा शिक्का. ओगिमनं तो काचेत बसवून गल्ल्याच्या वर लावला. प्यो आला तेव्हा तो कागदापुढे बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, “वहिनी, याची एक नक्कल मला द्या की. माल माझाच ना? बाकीच्यांना दाखवतो.” तिनं आनंदानं दिली. गुरुजींनी तर कागद मोठ्यानं वाचून दाखवला आणि जाळीवाल्याला म्हणाले, “बघ. मी काय सांगत होतो. आता सरकारही सांगतंय.” आणि तिसरा कप मागवला.

चेरी फुलून गळून गेल्यावर, एका सकाळी, अकराच्या सुमारास, गुरुजी खाली जायला उठले आणि जिन्यातच बसले. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, हात थरथरत होते. जाळीवाल्यानं त्यांना पाठीवर घेतलं आणि दवाखान्यात नेलं. ओगिम एप्रनवरच मागे धावली. डॉक्टरांनी छाती तपासली, नाडी धरली, डोळे बघितले आणि विचारलं, “गुरुजी, रोज किती ओढता?”

“एकही नाही.”

“लपवू नका. एवढी तंबाखू अंगात असलेला माणूस मला लांबूनही कळतो. तुमचं हृदय हे आणखी एक हिवाळा सहन करणार नाही.”

गुरुजी भिंतीकडे तोंड करून पडले. खोटं बोलायचा आरोप त्यांच्यावर आयुष्यात प्रथमच झाला होता.

दुसऱ्या दिवशी गुरुजींची बायको कॉफीघरात आली. बारा वर्षांत ती तो जिना पहिल्यांदाच चढली होती. ती बसली नाही.

“मॅडम, एकच सांगा. कुठे बसून ओढतात ते?”

“बाईसाहेब, इथे तरी नाही. मी शपथ घेते.”

“घरी नाही, इथे नाही. मग काय झोपेत ओढतात? दिवसाचे पाच तास ते तुमच्याकडे असतात. घरी जेवढं माझं तोंड बघत नाहीत तेवढं तुमचं बघतात. मी कधी काही म्हटलं नाही. पण नवरा मला जिवंत हवाय.”

“मलाही,” असं ओगिमच्या तोंडून निघून गेलं, आणि ते भलतंच वाटेल म्हणून तिनं समोरचं टेबल पुसायला घेतलं. बाईसाहेबांनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं, आणि त्या जिना उतरून गेल्या.

ओगिम स्वयंपाकघरात जाऊन बसली. छुंजाची आई पातेलं गाळत होती. फडक्यातला काळा गाळ पिळता पिळता ती म्हणाली, “ताई, एक बोलू? रागवू नका.”

“बोल.”

“आमच्याकडे गावी सासरे तंबाखूचे देठ रात्रभर पाण्यात भिजवायचे. कोबीवरच्या अळ्या मारायला. त्या पाण्याला एक वास यायचा. तो वास मला हिवाळ्यापासून या फडक्याला येतो.”

“हिवाळ्यापासून? आणि आत्ता सांगतेस?”

“आधी वाटलं माझंच नाक. मग तो कागद आला. सरकारनं शुद्ध म्हटल्यावर मी कोण?”

ओगिमनं पातेल्यातली कॉफी वाटीत घेतली. कॉफीनं झोप उडते म्हणून गेली तीन वर्षं ती फक्त बार्लीचा चहा प्यायची. एक घोट घेतला, तोंडात फिरवला. जिभेच्या मागे एक कडवट चटका बसला. तिचा बाप चिलीम ओढायचा. लहानपणी चिलीम साफ करताना बोटाला लागलेलं तिनं एकदा चाखून बघितलं होतं. ती चव विसरणारी नव्हती.

म्हणजे गुरुजींची तलफ गेलीच नव्हती. रोज तीन कप भागवली जात होती. आणि ते तिचे आभार मानत होते.

ती उठली आणि बाहेर येऊन काचेतल्या कागदापुढे उभी राहिली. त्यात लिहिलेलं सगळं खरंच होतं. फक्त ते निळ्या डब्याबद्दल होतं.

“ताई,” छुंजाच्या आईनं हळूच म्हटलं, “खोकी समुद्रात ओतून येऊ का? उद्यापासून दुसऱ्याचा माल घेऊ. गुरुजी बरे होतील. कुणाला कळणारही नाही.”

ओगिमनं त्याचा खरंच विचार केला. सोपं होतं. सांगायला गेलं तर परवाना जाणार. सरकारी नमुन्यात फेरफार केला असंच म्हणतील. पन्नाशीच्या बाईनं परवाना गेल्यावर काय करायचं, माशांच्या बाजारात खवले काढायला बसायचं? पण प्योच्या खिशात तिच्या कागदाची नक्कल होती. ती दाखवून तो आता धक्क्यावरच्या आणखी अकरा कॉफीघरांत नव्यानं माल घालत होता. त्या प्रत्येक ठिकाणी कुणीतरी गुरुजी बसलेले असणार. तिनं आपल्या हातानं त्याला ते प्रशस्तिपत्र दिलं होतं.

“नको,” ती म्हणाली. “पातेलं तसंच ठेव. एक थेंब सांडू नकोस, आणि आज कुणाला देऊ नकोस. विचारलं तर शेगडी बिघडली म्हण.”

तिनं काचेतला कागद काढला, प्योच्या कॉफीचं एक खोकं कापडात बांधलं, आणि ती आरोग्य खात्याच्या कचेरीत गेली.

मेंग टेबलाशी जेवणाचा डबा उघडून बसला होता. तिला बघून तो घाईघाईनं उठला, तोंडातला घास तसाच.

“जेवा, साहेब. मी थांबते.”

“नाही, नाही. बोला.”

तिनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. निळा डबा, बलक, बाटली, जिन्यात बसलेले गुरुजी, कोबीच्या अळ्या. कागद त्याच्या टेबलावर ठेवला. शेवटी म्हणाली, “मी फसवायचं म्हणून केलं नाही. पण झालं ते फसवल्यासारखंच. शिक्षा द्या, फक्त आधी त्या प्योला थांबवा.”

मेंगचे कान लाल झाले. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“तुम्ही नाही चुकलात,” तो म्हणाला. “नियम असा आहे की नमुना अधिकाऱ्यानं स्वतःच्या हातानं, गिऱ्हाइकाला वाढतात त्याच पातेल्यातून घ्यायचा. मला माहीत होतं. पण माझ्या आईच्या वयाच्या बाईनं दोन्ही हातांनी पुढे केलेली वस्तू... मला नाही म्हणता आलं नाही. वर ती कॉफी इतकी छान होती.” त्यानं बाटल्यांची पेटी जवळ ओढली. “पातेलं आहे अजून?”

“झाकून ठेवलंय.”

“चला मग.”

डबा तसाच अर्धा ठेवून तो निघाला. या वेळी त्यानं जिना चढल्यावर नमस्कार केला नाही, बसला नाही, पाणीसुद्धा घेतलं नाही. सरळ पडद्याआड गेला, पळी स्वतः उचलली, पातेलं तळापासून ढवळलं आणि तीन बाटल्या भरल्या. ओगिम सवयीनं मदतीला पुढे झाली तर तो म्हणाला, “आत्याबाई, कृपा करा, हात मागे बांधून उभ्या राहा.” छुंजाच्या आईला हसू आलं. तिनं पदरासारखं एप्रन तोंडावर धरलं. ओगिमनं खरोखरच हात मागे बांधले. कुणी आपल्याला चांगलं वागण्यापासून अडवावं आणि त्याचं इतकं बरं वाटावं, असं तिला पूर्वी कधी झालं नव्हतं.

प्रयोगशाळेचा निकाल या वेळी चौथ्या दिवशी आला. एकदा वापरून वाळवलेला चोथा, भाजलेली बार्ली, जळक्या शेंगांची टरफलं, आणि रंग व जोर यावा म्हणून तंबाखूची भुकटी. बंदरात उतरलेल्या कॉफीचा अंश पाचात एक. त्याच दिवशी प्योच्या वखारीवर धाड पडली. एका बाजूला खरे शिक्के मारलेली रिकामी खोकी, दुसऱ्या बाजूला ती भरायचे ढीग. जाळीवाल्यानं येऊन सगळं वर्णन केलं. “प्यो म्हणत होता, कागद दाखवतो, कागद दाखवतो. मेंग साहेब म्हणाले, तो कागद चुकीचा होता, मीच चुकलो होतो, आता दुसरा वाचा.”

मग ओगिमची सुनावणी. विभागप्रमुख जाड आवाजाचे, घाईतले. समोर फाईल. एका बाजूला मेंग बुटांकडे बघत उभा. ओगिम गुडघ्यावर हात ठेवून बसली होती. प्रमुख वाचत गेले. भेसळयुक्त कॉफीची विक्री, कालावधी पाच महिने. पहिल्या नमुन्याबाबत... इथे ते थांबले, भुवया वर करून मेंगकडे पाहिलं, आणि पुढे वाचलं. ‘पहिल्या नमुन्याची चूक सर्वस्वी तपास अधिकाऱ्याची आहे. चालक महिलेनं कोणताही फेरफार केलेला नाही. भेसळ लक्षात येताच ती स्वतःच्या पायांनी कचेरीत आली, विक्री थांबवून माल जपून ठेवला. तिच्या सांगण्यामुळेच उरलेल्या अकरा ठिकाणची विक्री त्याच आठवड्यात थांबवता आली.’

“हे तूच लिहिलंस?” प्रमुखांनी विचारलं.

“हो, साहेब.”

“तुझ्या बढतीचं वर्ष आहे, लक्षात आहे ना?”

“हो, साहेब.”

प्रमुखांनी नाकानं एक आवाज काढला. परवाना रद्द होणार नाही. कॉफीघर वीस दिवस बंद. तपास अधिकाऱ्याला ताकीद. पुढची फाईल.

बाहेर व्हरांड्यात ओगिमनं मेंगला गाठलं. काय बोलायचं ते तिनं घरून ठरवून आणलं होतं, पण त्यातलं एकही वाक्य आठवेना. तिनं कापडात बांधलेला केकचा पुडा पुढे केला.

“हे नाही घेता येणार,” तो मागे सरकला. “मागच्या वेळी घेतलं त्याचा हा सगळा खेळ झाला.”

“तुमची बढती गेली माझ्यामुळे.”

“पुढच्या वर्षी मिळेल. त्या गुरुजींना बरं आहे का?”

“सांगतात बरं आहे.”

“मग झालं,” म्हणून तो वाकला आणि आत गेला. ओगिम केकचा पुडा घेऊन तिथेच उभी राहिली. देणाऱ्यानं हात पुढे करावा आणि घेणारा नसावा, हे फार जड असतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

बंदी लागून आठवडा झाल्यावर ती धीर करून गुरुजींच्या घरी गेली. फाटकाबाहेरच तिला आतला आवाज ऐकू आला. हाम गुरुजी ओरडत होते. सूप आळणी आहे, उशी टणक आहे, मांजराला अक्कल नाही. बाईसाहेबांनी दार उघडलं, आणि ओगिमला वाटलं आता आपली पाळी. पण बाईसाहेब हसत होत्या.

“या. ऐकताय ना? दवाखान्यातून आल्यापासून हेच चाललंय. आता खरी तलफ लागलीय त्यांना. काल चमचा फेकला. पण दोन वाट्या भात खाल्ला, आणि डॉक्टर म्हणाले, नाडी सुधारली.” त्यांनी ओगिमचा हात धरून तिला आत ओढलं. “मी त्या दिवशी नको ते बोलले तुम्हाला.”

“नाही हो. बरोबरच बोललात.”

गुरुजींनी तिला बघितलं आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. ते मांजराच्या पाठीवरून हात फिरवू लागले.

“मॅडम,” ते म्हणाले, “मी तुमचे आभार उगाचच मानले म्हणायचे.”

“हो, गुरुजी.”

“आता मानू का? आता खरे आहेत.”

“मला नका मानू,” ओगिम म्हणाली. “मी बाटली भरून दिली होती. दुसरी बाटली ज्यांनी भरली त्यांचे माना. ते माझ्याकडून केकसुद्धा घेत नाहीत.”

मग तिनं सुनावणीत काय वाचलं गेलं ते सांगितलं. गुरुजींनी ऐकताना डोळे मिटले होते. बाईसाहेब मध्येच उठून गेल्या आणि कागद-पेन्सिल घेऊन आल्या.

“चौथ्या महिन्यातल्या अष्टमीला डोंगरावरच्या बुद्धाच्या देवळात कंदील लावायचेत,” त्या म्हणाल्या. “दरवर्षी आयुष्य मागायला यांच्या नावाचा एक, मुलांच्या नावाचे दोन. यंदा एक जास्त लावते. पूर्ण नाव सांगा त्यांचं. चिठ्ठीवर पूर्ण लागतं, नाहीतर देवाला कळायचं कसं, मेंग तर शंभर आहेत.”

ओगिम थबकली. तिला फक्त मेंग साहेब एवढंच माहीत होतं. तीनदा भेटले, त्यात एकदा तिच्यासाठी बढती घालवली, आणि तिनं नावही विचारलं नव्हतं.

“आत्ता आणते,” ती म्हणाली.

“अहो, बसा, चहा तरी...”

“आलेच.”

ती धक्क्यावर आली. कॉफीघराच्या जिन्याच्या दारावर बंदीची नोटीस डकवलेली होती. ती चिकटवल्यापासून ओगिम मागच्या दारानं ये-जा करायची, मान खाली घालून. तो कागद तिनं एकदाही वाचला नव्हता. आज ती त्याच्यासमोर सरळ उभी राहिली. दोरखंडवाला दुकानातून बघत होता, बघू दे. कलमं, तारखा, तंबाखूची भुकटी, तिचं स्वतःचं नाव, वीस दिवस. तिनं सगळं सावकाश वाचलं, काही वगळलं नाही. तळाशी शिक्क्याखाली बारीक अक्षरांत तपास अधिकाऱ्याचं नाव होतं, मेंग ग्वांग-मुक.

तिनं दोरखंडवाल्याकडून शाईचं पेन मागून ते तळहातावर उतरवून घेतलं, मोठ्या अक्षरांत, पुसू नये म्हणून दुसऱ्यांदा गिरवून. मग हात उघडाच धरून ती परत चढणीला लागली. केक मेंग साहेबांना परत पाठवता आला होता. देवळातला कंदील काही त्यांना परत पाठवता येणार नव्हता.